दहा जणांचं टेबल की सहा जणांचं? ऑनलाइन लिमिट होल्डेममधली निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर २-४ च्या लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा एक प्रकार, ज्यात बेटची रक्कम ठरलेली असते: पहिल्या दोन टप्प्यांत २ ची स्मॉल बेट, नंतरच्या दोनांत ४ ची बिग बेट) दहा जणांच्या टेबलावर खेळलात, पानं निवडून खेळता, थोडंफार जिंकलातही. 'खरी कमाई सहाच्या टेबलावर' असं सगळीकडून ऐकलं म्हणून तिकडे गेलात आणि तीन हजार डावांत ९० बिग बेट घालवून बसलात. आता परत फिरावं, की तग धरावा?

आधी त्या ९० बेटांचंच बघू. तुमचा सगळा निर्णय त्या आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा एवढं ओझं पेलू शकत नाही. लिमिटमध्ये सहाच्या टेबलावर शंभर डावांमागे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती वरखाली होतो त्याचं माप) साधारण १७-१८ बिग बेटांचं असतं, दहाच्या टेबलावर १५-१६ चं. तीन हजार डाव म्हणजे शंभराचे तीस गठ्ठे. विचलन वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे १८ गुणिले साडेपाच, जवळजवळ शंभर बेट. ना जिंकणारा ना हरणारा असा खेळाडूसुद्धा तीन हजार डावांनंतर पाच-सहा वेळांत एकदा तुमच्याइतका किंवा त्याहून जास्त खड्ड्यात असतो. तेव्हा या ९० बेटांवरून तुम्हाला सहाचा खेळ जमत नाही असं ठरत नाही, आणि जमतो असंही ठरत नाही. निर्णय दुसऱ्या गोष्टींवरून घ्यायला हवा.

सहाचं टेबल हा वेगळा खेळ आहे असं बहुतेकजण मानतात. मी तसं मानत नाही. दहाच्या टेबलावर पहिल्या चौघांनी पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, की उरतं काय? सहा जण, तेच दोन ब्लाइंड (स्मॉल आणि बिग, पानं बघण्याआधीच सक्तीने पैसे घालणाऱ्या जागा), तेच बटन (डीलरची जागा, ब्लाइंडच्या लगेच आधीची). त्या क्षणी तुम्ही सहाच्या टेबलावरच बसलेले असता. (चौघांनी टाकलेल्या पानांत एक्के जरा कमी असतील, त्यामुळे मागच्यांकडे ते थोडे जास्त, हे खरं; पण हा फरक इतका बारीक की बाजूला ठेवला तरी चालतो.) म्हणजे सहाचं टेबल हे फुल टेबलाचंच शेवटचं अर्धं अंग, फक्त ते सारखं सारखं खेळावं लागतं. तुमचा खेळ तिकडे अडखळत असेल, तर तेच अडखळणं दहाच्या टेबलावरही चालू होतं. तिथे त्याची वेळ कमी येते म्हणून ते हिशेबात दिसत नव्हतं, इतकंच.

ती वेळ किती येते ते पाहा. दहाच्या टेबलावर दर दहा डावांत दोनदा तुम्ही ब्लाइंडमध्ये असता. सहाच्या टेबलावर दर सहात दोनदा. बटन आणि त्याच्या आधीची कटऑफची जागा धरली, तर दहाच्या टेबलावर शंभरातले ४० डाव या चार जागांवरून खेळले जातात, सहाच्या टेबलावर ६७. पैशांत बोलायचं तर २-४ ला ब्लाइंड १ आणि २, म्हणजे एका फेरीला ३, म्हणजे पाऊण बिग बेट. एकही डाव न खेळता नुसते बसून राहिलात तर दहाच्या टेबलावर शंभर डावांना साडेसात बेट जातात, सहाच्या टेबलावर साडेबारा, चौघांत पावणेएकोणीस. लिमिटमध्ये शंभर डावांमागे एक-दीड बेट जिंकणारा चांगला खेळाडू समजतात. त्या मानाने हे पाच बेटांचं अंतर केवढं आहे ते लक्षात घ्या. 'चांगल्या पानांची वाट बघतो' हे दहाच्या टेबलावर शहाणपणाचं असतं. सहाच्या टेबलावर ती वाट बघण्याचं भाडं तुम्हाला परवडत नाही.

म्हणून माझा सल्ला: टेबल निवडण्याआधी तुमच्या नोंदींमधून बिग ब्लाइंडच्या जागेचा आकडा वेगळा काढा. त्या जागेवर प्रत्येक वेळी पानं टाकली, तर दर डावाला २ जातात, म्हणजे शंभर वेळांना ५० बिग बेट. स्मॉल ब्लाइंडवर २५. हे कायमचे मोजमापाचे खांब. बिग ब्लाइंडवर तुमचा तोटा पन्नासच्या आसपास असेल, तर तुम्ही जवळजवळ काहीच वाचवत नाही आहात. पन्नासच्या वर असेल, तर पानं टाकत नाही पण पुढे चुकीचं खेळता. चांगले खेळाडूही या जागेवर हरतातच, पण पन्नासपेक्षा पुष्कळ कमी. तीन हजार डावांत ही जागा तुमच्या वाट्याला पाचशेच वेळा आली असेल, आणि पाचशे डावांत पैशाचा आकडा स्थिरावत नाही. सवयीचा आकडा मात्र लवकर स्थिरावतो. तोही पाहा: बटनवरून रेज (वाढवलेली बेट) आली, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली आणि तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, अशा वेळी किती वेळा पानं टाकता? निम्म्याहून जास्त असेल, तर तुमच्या खेळातली एक गळती इथे आहे, मग ९० बेटांतला नशिबाचा वाटा कितीही असो.

का, ते हिशेबानेच कळतं. रेज २ स्मॉल बेटांची, स्मॉल ब्लाइंडचं अर्धं, तुमचं स्वतःचं एक. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांत, साडेतीन, तुम्हाला घालायचंय फक्त एक. शंभरात २२ वेळांइतका वाटा मिळाला तरी हिशेब बरोबर सुटतो. समोरचा बटनवरून चाळीस-पंचेचाळीस टक्के पानांवर रेज करत असेल, तर एका रंगाची गुलाम-अठ्ठी टाकून देणं म्हणजे त्याला पैसे बहाल करणं. आणि त्याच्या बाजूने बघा: तो २ घालून दीड उचलायला बघतोय. मागचे दोघं मिळून १०० पैकी ५७ पेक्षा जास्त वेळा पानं टाकत असतील, तर त्याला हातातली पानं बघायचीही गरज नाही. मी सुरुवातीला सहाच्या टेबलावर गेलो तेव्हा माझ्या डावीकडचं कोणीही इतकी पानं टाकत नव्हतं. मी मात्र टाकत होतो. एका रात्री बसून दोनशे डाव पुन्हा चाळले तेव्हा दिसलं की उजवीकडचा एकजण माझ्या बिग ब्लाइंडवर जवळजवळ प्रत्येक वेळी रेज करत होता, आणि मी ते महिनाभर 'त्याला पानं चांगली येतायत' असं समजत होतो.

आता एक डाव जवळून बघू, कारण दहाच्या टेबलाची सवय नेमकी कुठे नडते ते त्यात दिसतं. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, हातात एक्का आणि सत्ती, वेगवेगळ्या रंगांची. बटनवरून रेज, स्मॉल ब्लाइंड गेला, तुम्ही कॉल (त्याच्याइतकेच पैसे घालून आत). पॉट साडेचार स्मॉल बेट. फ्लॉप (सगळ्यांसाठी मधे उघडलेली पहिली तीन पानं): राजा, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. तुम्ही चेक (पैसे न घालता थांबलात), तो बेट. दहाच्या टेबलावरून आलेला माणूस इथे पानं टाकतो: जोडी नाही, राजा पडलाय, समोरच्याने रेज केलेली, संपलं. पण हिशेब मांडा. तो तिन्ही टप्प्यांवर बेट करणार आणि तुम्ही शेवटपर्यंत नुसते कॉल करणार असं धरलं, तर फ्लॉपला अर्धं, टर्नला (चौथं पान) एक, रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) एक, असे अडीच बिग बेट तुम्ही घालणार. समोर सव्वादोन बेटांचा पॉट आहे आणि तोही अडीच घालणार, म्हणजे पावणेपाच. शंभरात ३५ वेळा तुमचं पान वरचढ ठरलं तर खर्च भरून निघतो. पंचेचाळीस टक्के पानांवर रेज करणाऱ्याकडे या फ्लॉपवर पुष्कळदा राणी-दश्शी, गुलाम-नव्वी असंच काहीतरी असतं, आणि तुमचा एक्का त्याच्या पुढे असतो. शिवाय तो टर्नला किंवा रिव्हरला गप्प बसला तर तुमचा खर्च आणखी कमी होतो. रिव्हरपर्यंत पोचलात की पॉट सव्वासहा बेटांचा आणि कॉल एकाचा. तिथे सातात एकदा बरोबर ठरलात तरी पुरे. लिमिटमध्ये चुकीचा कॉल एक बेट खातो, चुकून टाकलेली पानं अख्खा पॉट घालवतात. सहाच्या टेबलावर हे वाक्य अंगात मुरावं लागतं.

हीच पानं, हाच फ्लॉप, पण दहाच्या टेबलावर आणि रेज पहिल्या जागेवरच्या काटेकोर माणसाची असेल, तर एक्का-सत्ती फ्लॉपच्या आधीच टाकायची. पानं तीच, माणूस आणि जागा वेगळी. तुम्ही वर्षभर हा दुसरा धडा गिरवलात, म्हणून पहिला अवघड जातोय.

ब्लाइंड लढवण्याबद्दल कुणाला अजून शंका असेल तर एक दाखला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये 'सेफियस' नावाचा प्रोग्रॅम मांडला. दोघांतलं लिमिट होल्डेम त्याने जवळजवळ पूर्ण सोडवलं आहे, इतकं की माणूस आयुष्यभर त्याच्याविरुद्ध खेळला तरी त्याची चूक पैशांत दिसणार नाही. तो डीलरच्या जागेवरून नुसता कॉल करून जवळपास कधीच आत येत नाही. रेज करतो किंवा पानं टाकतो. आणि बिग ब्लाइंडमधून बहुतेक माणसं टाकतील अशी कितीतरी पानं तो लढवतो. सहाच्या टेबलावर बटन विरुद्ध ब्लाइंड अशी गाठ सतत पडते, म्हणून ते उदाहरण आपल्याही उपयोगाचं. याच्याच उलट बाजूने सांगतो: ऑनलाइन दोघांचं किंवा तिघांचं लिमिट टेबल मी टाळतो. दोघांचा खेळ तर इतका सोडवला गेलाय की समोर माणूस आहे की प्रोग्रॅम, याची खात्री देता येत नाही.

आता दहाच्या टेबलाची बाजू, कारण तिला उगाच कमी लेखलं जातं. सैल टेबल असेल, पाच-सहा जण प्रत्येक फ्लॉप बघत असतील, तर लिमिटमध्ये त्याहून निवांत कमाई नाही. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते, पाचांविरुद्ध ४९, नऊ जणांविरुद्ध ३१. लोक याचा उलटा अर्थ घेतात आणि 'एक्के फुटतात' म्हणून सैल टेबल सोडून जातात. अहो, दहा जणांनी पैसे घातले आणि तुमचा वाटा दहावा असायचा तिथे जवळजवळ तिसरा मिळतोय! एक्के जास्त वेळा हरतात आणि तरी जास्त कमावतात. मनाला हे पटायला वेळ लागतो.

छोट्या जोड्यांचंही तसंच. छक्की-छक्की हातात, तुमच्या आधी तिघं नुसते कॉल करून आत, मागून आणखी दोघं येण्याची शक्यता. फ्लॉपवर तिसरी छक्की साडेआठात एकदा मिळते. एका स्मॉल बेटात फ्लॉप बघा, लागली तर पाच जणांकडून टर्नचे, रिव्हरचे मोठे बेट वसूल करा, नाही लागली तर शांतपणे टाका. सहाच्या टेबलावर हीच छक्कीची जोडी रेज करून एकट्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नुसती जोडी म्हणूनच खेळायची असते, तिसऱ्या छक्कीची वाट बघायची नसते. दोन्ही बरोबरच. पण पहिल्या प्रकारात चुका करायला जागा कमी, म्हणून नवख्याला मी नेहमी सैल दहाचं टेबल सांगतो.

अडचण अशी की सगळी फुल टेबलं सैल नसतात. नऊ काटेकोर माणसं एकमेकांच्या ब्लाइंडकडे बघत बसलेली असतील, तर त्या टेबलावर रेकशिवाय (साइट पॉटमधून कापते तो हिस्सा) कोणी जिंकत नाही. साइटच्या लॉबीत, म्हणजे टेबलांच्या यादीत, फ्लॉप बघणाऱ्यांचं प्रमाण दाखवतात ते बघा. दहाच्या टेबलावर ३५ टक्क्यांच्या वर असेल तर बसावं, २० च्या आसपास असेल तर पुढे जावं. सहाच्या टेबलावर हे प्रमाण स्वभावतःच वर असतं, त्यामुळे ४५ च्या खाली मला फारसं गंमतीचं वाटत नाही. सरासरी पॉटच्या आकड्याला भुलू नका. दोन जण एकमेकांवर रेज चढवत असले तरी पॉट फुगतो, आणि ते दोघंही तुमच्यापेक्षा चांगले असू शकतात.

सहाच्या टेबलाचा खरा गुण माझ्या मते वेगळाच आहे. कमकुवत खेळाडू एकच असेल, तर दहाच्या टेबलावर तो नऊ जणांत वाटला जातो, सहाच्या टेबलावर पाचांत. तो जास्त डाव खेळणार, तुम्हीही जास्त डाव खेळणार, गाठ वारंवार पडणार. त्यामुळे तुमची खुर्ची कुठे आहे याला इथे फार महत्त्व. तो तुमच्या उजवीकडे हवा, म्हणजे त्याने काय केलं ते बघून तुम्ही ठरवता. तो डावीकडे असेल आणि उजवीकडची जागा रिकामी नसेल, तर मी बरेचदा दुसरं टेबल शोधतो.

रेक आणि भांडवल. प्रत्येक पॉटमधून सरासरी ०.२ बिग बेट कापले जातात असं समजा. दहा जणांत ते शंभर डावांना माणशी २ बेट, सहा जणांत ३.३. लहान बेटांच्या टेबलांवर हा फरक जिंकणाऱ्याला हरणारा करू शकतो. तुमच्या साइटवर कमी माणसांना कापायची मर्यादा कमी आहे का ते तपासा. भांडवलासाठी दहाच्या टेबलावर ३०० बिग बेट हा जुना नियम. शंभराला १ बेट जिंकणारा, विचलन १६, अशाला ३०० बेटांत सगळं गमावण्याची शक्यता जवळजवळ १० टक्के. विचलन १८ झालं की तीच १६ टक्क्यांवर जाते. ५०० बेट ठेवले तर सहाच्या टेबलावरही ती ५ टक्क्यांच्या आत येते. म्हणून सहाला ५०० शिवाय जाऊ नका.

'तासाला जास्त कमाई' हा दावाही एकदा तपासून घ्या. दहाच्या टेबलावर ऑनलाइन तासाला साधारण ६५ डाव होतात, सहाच्या टेबलावर ९०. पण दहाची चार टेबलं शांत डोक्याने सांभाळता येतात, सहाची बहुतेकांना दोनच नीट झेपतात. समजा चार टेबलांवर २६० डाव आणि शंभराला १ बेट: तासाला २.६. दोन टेबलांवर १८० डाव आणि दीड बेट: २.७. फरक कुठे आहे? तो तुमच्या स्वभावात आहे. शंभरातली ऐंशी-पंच्याऐंशी पानं टाकताना कंटाळून तुम्ही नको ते खेळायला लागत असाल, तर दहाचं टेबल तुम्हाला महाग पडतं. लागोपाठ तीन डाव रिव्हरला हरल्यावर हात शिवशिवत असतील, तर सहाचं त्याहून महाग.

आणखी एक गोष्ट, जी फक्त बसून बसून कळते. लिमिटची टेबलं आता नो-लिमिटच्या (जिथे बेटला मर्यादा नसते) मानाने थोडी आहेत, आणि दहाचं टेबल तासन् तास भरलेलं राहत नाही. दोघं-तिघं उठतात, आणि उठणारे बहुधा तेच काटेकोर खेळणारे असतात, कारण त्यांना कमी माणसांत खेळायची भीती वाटते. जो हरतोय तो बसून राहतो. टेबल मोडत आलं की पाच-सहा जण उरतात आणि त्यांत त्या रात्रीचे सगळ्यात सैल दोघं असतात. वर्षभर तुम्हीही अशा वेळी उठून गेला असाल. ती पंधरा-वीस मिनिटं माझ्या नोंदींत नेहमीच फायद्याची निघाली आहेत.

तुम्ही करावं ते असं. दहाचं टेबल सोडू नका, तीच तुमची नियमित बैठक ठेवा, पण टेबल मोडायला लागल्यावर उठू नका. सहापर्यंत बसा, चारावर आलं की मग ठरवा. जोडीला सहाचं एकच टेबल उघडा, सध्याच्या निम्म्या बेटांचं, आणि तिथे फक्त बटन आणि बिग ब्लाइंडच्या डावांवर खूण करून ठेवा. रोज त्यातले वीस डाव शांतपणे पुन्हा बघा: साडेतीनाला एक मिळत असताना काय टाकलं, रिव्हरला सातात एकची किंमत असताना काय टाकलं. दहा हजार डावांनंतर एकूण नफा-तोट्याचा आकडा बाजूला ठेवा. शंभराला दीड बेट जिंकणाराही तिथे पाचांत एकदा तोट्यात असतो. बटनच्या रेजला तुम्ही किती वेळा पानं टाकता तो आकडा बघा. तो निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली आला असेल आणि बिग ब्लाइंडवरचा तोटा पन्नासच्या बराच खाली असेल, तर बेट मूळ पातळीवर न्या आणि दुसरं टेबल उघडा.